आधी गोळी, मंग बातमी

बसा मंडळी. मागं उभ्या मावश्यांनो, पुढं जागा आहे, या. टेंभुर्णीहून, कुठून कुठून तुम्ही भोकरदनला आलात. मला बोलायला उभं केलंय खरं, पण सुरुवात कुठून करावी कळंना. म्हणून माझ्या सासूबाईंसारखं करते, एक प्रश्न विचारते. माणूस भितो तेव्हा अंगात नेमकं काय होतं?

कौसाबाई माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. हा प्रश्न त्यांना माझ्यामुळं पडला. लग्नानंतर साध्या तापानंही मी कोसळायचे. लोक म्हणायचे, सून नाजूक आहे. आत्याबाई म्हणाल्या, "नाजूक न्हाई, आत कायतरी बिघडलंय." मला संभाजीनगरला घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या ग्रंथी असतात. संकट आलं की त्यांचा आतला भाग अ‍ॅड्रेनॅलिन सोडतो, सोबत न्यूरोपेप्टाइड नावाची द्रव्यं. छाती धडधडते, दुखणं जरा बोथट होतं. बाहेरचा भाग कॉर्टिसॉल सोडतो, त्यावर माणूस तग धरतो. माझा हा बाहेरचा भागच बंद पडलेला. म्हणून रोज त्याचीच गोळी घ्यायची. ताप आला किंवा मोठा धक्का बसणार असला तर जास्तीची. न्हाई घेतली तर जिवावर बेतणार.

मी रडत होते. आत्याबाई मात्र विचारत राहिल्या. "विळी लागली की लगेच दुखत न्हाई, ते त्या आतल्या भागाचंच काम का?" डॉक्टर म्हणाले, त्याचाही हात असतो. "अन् हिची छाती धडधडती, पण पुढं निभवायला काही न्हाई. बराबर?" बराबर, म्हणाले. बाहेर पेशंट खोळंबलेले, तरी आत्याबाईंचं सुरूच. "बकऱ्याला पण असतं का हे?"

तेव्हापासून माझी जास्तीची गोळी त्यांच्या पदराला बांधलेली. घरात नियम झाला, आधी गोळी, मंग बातमी. माझे वडील गेले तेव्हा फोन त्यांनीच घेतला. मला गोळी दिली अन् शेंगा सोलायला बसवलं. मी चिडले, "जल्दी सांगा की." म्हणाल्या, "थांब. कॉर्टिसॉल पोटात तर जाऊ दे." हसू आलं तर हसा, त्यांना आवडलं असतं.

यंदा त्यांचा स्वतःचा रिपोर्ट आला. रिक्षातून उतरल्या, चपला काढल्या अन् माझ्या हातावर गोळी ठेवली. मी विचारलं, "कोणाचं काय झालं?" म्हणाल्या, "आधी गीळ." बऱ्याच वेळानं स्वतःचं दुखणं सांगितलं, बरं न होणारं. वर मलाच विचारलं, "डॉक्टर बोलला तवा माझे हात गार पडले. ते कशानं गं?"

मला माहीत नव्हतं. विचारून आले अन् सांगितलं, तेही अ‍ॅड्रेनॅलिनच, आत्याबाई. त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाल्या, "म्हंजी मी भ्याल्ते. मलाच कळलं न्हाई."

त्या गेल्या त्या सकाळी सासरे, आमचे मामा, दवाखान्यातून घरी आले. आजवर स्वतःचं पाणी स्वतः न घेतलेला माणूस. पाण्याचा पेला अन् गोळी माझ्यापुढं धरली. मी घेतली. दोघं समोरासमोर बसून राहिलो. मला सगळं कळलेलं, त्यांनाही कळलेलं की मला कळलंय. तरी त्यांनी वेळ जाऊ दिला. मग विचारलं, "आता सांगू का?"

आत्याबाई, आज इथं यायच्या आधी मी गोळी घेतलीय. कोणी हातावर ठेवली न्हाई, माझी मीच घेतली. मंडळी, उठा, क्षणभर गप्प उभं राहू. एवढ्या वेळात गोळी पोटात गेलीय, आता मला जमेल.