खिळ्यांतला वास्तुपुरुष

१९८६. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या दुकानात, मेटल डिटेक्टर भाड्याने घ्यायच्या रांगेत, माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं.

“उद्या गॅरेजसाठी खोदणार, श्रीरंग. वास्तुशांतीला पुरलेला वास्तुपुरुष आजच सापडायला हवा.”

“मग दांड्याला मोठी कॉइल, ही गोल तबकडी घेऊ, सुलेखा. खोलवर शोधते.”

“तो पुरलाय त्या कोपऱ्यात सुतारांनी खिळे सांडलेत. मोठीला सगळे एकदम लागतील.”

“मग ही डबल-डी. हिचं क्षेत्र पात्यासारखं अरुंद असतं म्हणे.”

“म्हणे काय? इंजिनिअर ना तू? थांब, माझं जोडवं गालिच्याखाली ठेवते, शेजारी काउंटरवरचे हे खिळे. फिरव.”

“खिळे नुसते कुरकुरतायत... आणि आता... सुलेखा, हेडफोन घाल!”

“अगंबाई! किती स्वच्छ वाजलं!”

“मग हीच घ्यायची?”

“आधी परत फिरव. हळू.”