कूलरमधली वाइन

...अन् मंग कूलरमध्ये नाही ठेवू तर कुठं ठेवू, तुम्हीच सांगा! फ्रीज? फ्रीज काय माझ्या मालकीचा आहे? दार उघडलं की आतला लाइट लागायच्या आधी स्वयंपाकघरातून आवाज येते, "काय शोधून राहिले?" आमच्या बायकोचा, प्रेमलताचा. अन् तिनं साफ सांगून ठेवलं, "ज्या फ्रीजमध्ये माझं विरजण राहते, त्यात तुमची दारू नाही राहणार!" आता दारू नव्हे हो ते, वाइन! वा-इन! पण मे महिन्यातल्या नवतप्याच्या उन्हात, नागपूरच्या सक्करदऱ्यात, डोक्याले दुपट्टा बांधून मी कोणाकोणाले समजावू?

हे सारं सुरू केलं आमच्या पोरीनं, गुंजननं. जावई नाशिकले नोकरीले, मी गेलो पाहुणा म्हणून. प्रेमलता नाही आली, तिच्या कुरड्या राहिल्या होत्या. गुंजन म्हणे, "बाबा, चला तुम्हाले द्राक्षाचा मळा दाखवते." मले वाटलं द्राक्षं खायची असतीन. तर तिथं अख्खा कारखाना! स्टीलच्या टाक्या, पाइप, मीटर... अन् मी म्हणजे सारी नोकरी कोराडीच्या पॉवर हाउसमध्ये बॉयलरजवळ काढलेला माणूस, मले वाटलं अरे वा, हे तर आपलंच खातं! प्रेशर किती, टेंपरेचर किती, विचारून विचारून भंडावून सोडलं तिथल्या पोरीले. वैभवी नाव तिचं. काय गोड बोलते हो! तिनं ग्लास दिला, मी आपल्या सवयीनं... गटकन! ती म्हणे, "काका, काका! घाई नाही करायची. तिला श्वास घेऊ द्या."

मी म्हटलं, कोणाले? घाबरून मागं पाहिलं, तर गुंजन बरी होती!

तर वाइनले श्वास घेऊ द्यायचा असते म्हणे. ग्लास खालच्या दांडीले धरायचा, गोल गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मंग बारकासा घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा... अन् तुम्हाले सांगतो, आलं हो! आधी जांभूळ आलं. मंग लवंग आली. मंग अजून काहीतरी आलं, ओळखीचं, लहानपणचं, जून महिन्यातलं... अन् मी ओरडलोच, "दप्तर! नवीन दप्तर!" सारे लोक वळून पाहून राहिले, गुंजननं कपाळाले हात लावला, अन् वैभवी म्हणे, "अगदी बरोबर, काका! चामड्याचाच वास आहे." बरोबर! रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कोणी मले बरोबर म्हटलं हो!

पण एक गोष्ट टोचली. तिथं सारे जोडीजोडीनं बसलेले. नवरा-बायको, ग्लासाले ग्लास टेकवते, चिअर्स म्हणते, हसते. गुंजन पीत नाही. अन् जावयासंग चिअर्स? लग्नात ज्याचे पाय धुतले त्याच्या ग्लासाले ग्लास कसा लावू? मंग मी कोणाले टेकवू? इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, बाटलीलेच टेकवला! इतकं एकटं वाटलं तुम्हाले सांगतो... अन् तिथंच ठरवलं. ही बाटली नागपूरले न्यायची, गच्चीवर दोन खुर्च्या टाकायच्या, अन् आयुष्यात एकदा, फक्त एकदा, प्रेमलताच्या ग्लासाले ग्लास टेकवायचा. बाकी मले काही नाही पाह्यजे!

आणल्या दोन बाटल्या. पहिली लहानूनं खाल्ली. लहानू म्हणजे आमचा शेजारी, कोराडीचाच, माझ्यासंग रिटायर झालेला. त्याच्याकडं लपवाले गेलो तर म्हणे, "उघड नं गा, पाहू तरी!" मी उघडली, म्हटलं, "थोडा दम धर, तिले श्वास घेऊ दे." म्हणे, "कोणाले?" म्हणजे साऱ्या कोराडीले एकच प्रश्न पडते! मी ग्लास फिरवून राहिलो, वास घेऊन राहिलो, अन् इकडं यानं आपल्या ग्लासात सोडा ओतला, लिंबू पिळलं, वरून काळं मीठ! घटाघट ओतली, मिशी पुसली, शेंगदाणे तोंडात टाकले अन् म्हणे, "गोपाळराव, हे चढून काहून नाही राहिलं गा?" पुरी बाटली संपेपर्यंत वाट पाहिली त्यानं चढायची!

राहिली एक. अन् बाहेर ऊन! वैभवी म्हणते वाइनले श्वास घेऊ द्या, अवं बाई, इथं माणसाले घेता येऊन नाही राहिला! गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात दुपारी पत्ती टाकली तर चहा होते आमच्या इथं! अशात बाटली गार कुठं ठेवता? मंग डोक्यात लाइट लागला... कूलर! खालच्या टाकीत गार पाणी, वरून खसचा वास, अन् प्रेमलता तिथं कधी हात घालत नाही. बाटली अशी अलगद झोपवली पाण्यात, लेकरू निजवल्यासारखी. मलेच वाटलं, आपणही बाजूले पडावं.

दुसऱ्या दुपारी मी जेवून आडवा झालेलो. प्रेमलताचा सोमवार, साबुदाण्याची उसळ खाऊन ती बसलेली. अन् एकदम कूलर गरम हवा फेकाले लागला! पंप बंद! काहून? तर त्या बाटलीचं लेबल! पाण्यानं भिजलं, सुटलं, अन् पंपाच्या जाळीत जाऊन चिपकलं! मी "अवं थांब, मी पाहतो, तू नको" म्हणेपर्यंत तिनं बाजूची खस काढली, टाकीत हात घातला, अन् हात वर आला तो बाटली घेऊन.

"हे काय होय?"

माझाच श्वास अडकला हो!

"मोहाची होय?"

"नाही वं!"

"मंग कागद काहून नाही यावर?"

"तो... पंपात आहे."

"काय टाकलं यात? खरं सांगा."

आता मले जोश आला. वैभवीचं सारं पाठ होतं नं! म्हटलं, "प्रेमलता, द्राक्षं! नुसती द्राक्षं!"

"धान्य नाही?"

"दाणा नाही!"

"मीठ? हळद?"

"अवं, वाइनले हळद कोण लावते!"

"आगीवर चढवते?"

"छट्! टाकीत मुरते आपली आपली."

तिनं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा बाटलीकडं. अन् म्हणे, "म्हणजे फळच झालं. मंग हे उपासाले चालते."

बाप्पा! मी हादरलो! मले तसं नव्हतं म्हणायचं हो! पण तोंड काहून उघडू? जे मागत होतो ते समोरून चालत आलं!

संध्याकाळी गच्ची. खुर्च्या. काचेचे ग्लास शोकेसमध्ये, ते पाहुण्यांसाठी, म्हणून स्टीलचे पेले. टेकवले... टण्ण! काय आवाज आला तुम्हाले सांगतो, लहानूनं खिडकी उघडली! मी म्हटलं, "प्रेमलता, घाई नाही करायची. तिले श्वास घेऊ दे." तिनं पेला फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले. अन् म्हणे, "जांभूळ होय. लवंगही आहे थोडी. अन् हे... अहो, हे तर गुंजनचं दप्तर! पहिलीतलं! तुम्ही सीताबर्डीवरून आणलं होतं नं, ती उशाशी घेऊन झोपली होती..."

मी तिले सांगितलं नव्हतं हो दप्तराचं! आईची आन! डोळ्यात पाणीच आलं माझ्या. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांले एकाच वेळेस एकच गोष्ट पहिल्यांदा आवडली!

आनंदाच्या भरात म्हटलं, "रविवारी सावजीचं मटण आणतो! लाल वाइन अन् मटण, वैभवी सांगे, काय जोडी जमते..."

"खबरदार!" पेला खाली. "उपासाची वस्तू होय ते! मटणाच्या ताटाजवळ नेसान तर पाहून घ्या!"

संपलं. गुंजनकडून अजून बाटल्या मागवल्या तिनं. फ्रीजमध्ये जागा मिळाली, विरजणाच्या बाजूले! पण बाटली निघते सोमवारीच, अन् पेला मिळते तो उपास धरला त्यालेच. आयुष्यात मी एक एकादशी नाही केली, अन् आता सोमवार धरून राहिलो! काल संध्याकाळी पोटात कावळे ओरडून राहिले, समोर तीच उसळ, पेला भरलेला, मी हात पुढं केला...

तर म्हणे, "घाई नाही करायची. तिले श्वास घेऊ द्या."

घे म्हटलं बाई, घे! या घरात तूच घे श्वास!