निवृत्तीच्या शेतातली चौदा बोंडं

नाही म्हणलं ना साहेब — नाही म्हणजे नाही. ते चित्र टेबलावरून उचला अन् पिशवीत टाका. ‘फक्त थोडा पांढरा मारून द्या’ — थोडा! बियाण्याच्या कंपनीत थोडा कशाले म्हणतात, ते मले चांगलं मालूम हाये. अन् हे चित्र दुसऱ्या कोनाचं नाही, माहंच हाये — खाली कोपऱ्यात पाहा, फारुख पेंटर, मेहकर. पाच वर्षांमांगं तुमच्या आधीच्या साहेबासाठी काढेल हाये. आता कागद पिवळा पडला, पांढऱ्याच्या खपल्या निघून राह्यल्या, म्हणून नवं पोस्टर छापायच्या आधी तुमाले ते चमकवून पाहिजे. काय म्हणता? कापसाच्या बोंडांवर हायलाइट?

बसा. नाही, आता बसाच — शिकवतो तुमाले, फुकट. हा वॉटरकलर हाये. याच्यात पांढरा रंग नसतेच. पांढरा म्हणजे कागद. जिथं बोंड फुटेल हाये तिथं ब्रश न्यायचाच नाही, चारी बाजूनं हिरवा, तपकिरी लावत यायचं अन् तेवढी जागा सोडायची — ज्याले सोडता आलं तो पेंटर, ज्याले नाही आलं तो शेवटी ट्यूबमधला पांढरा थापते. ट्यूबचा पांढरा वाईट नाही हां — म्हाताऱ्याच्या डोळ्यात एक टिकली, पितळी लोट्याच्या काठावर एक रेघ, चित्रात जीव येते. पण एक टिकली! मीठ हाये ते, भाजी नाही.

आता मोजा. मोजा ना, डोळे हायेत ना तुमाले? या पऱ्हाटीवर चौदा बोंडं अशी हायेत जिथं कोरा कागद दिसते — बोट फिरवा, सपाट लागते. ती म्या निवृत्ती पाटलाच्या शेतात धुऱ्यावर बसून काढली, दिवाळीच्या दिवसांत, तीन दिवस — त्याची बायको, गोजरबाई, भाकर आणून देत होती. निवृत्तीची जमीन काळी, विहिरीले पानी, तुमच्या बीटी बियाण्याचं पहिलं साल — तरी चौदा. म्या एक कमी नाही काढलं, एक जास्त नाही. अन् हे बाकीचे जाडे-जाडे, बोटाले खरखर लागून राह्यले, ते किती हायेत? पस्तीस? छत्तीस? ते शेतातले नाहीत साहेब, ते या टेबलावरचे हायेत. तुमच्या आधीचे साहेब माह्या दुकानात याच खुर्चीत बसून बोलले — ‘फारुखभाई, झाड गरीब दिसतंय, पांढरा मारा.’ म्या म्हणलं, इथं पानं हायेत, पानावर बोंड कसं लागन? तर म्हणे, कोन पाहते! — कोनं मारले? कोनं मारले म्हणजे! त्यानं ब्रश धरला होता का? म्या मारले. चहा पीत-पीत, पंधरा मिनटांत. अन् सांगू का — मारता मारता मले मजा आली. झाड भरून आलं ना! वाह, म्हणलं सोतालेच.

मंग पोस्टरं छापली, कॅलेंडरं छापली, अन् खाली लिवलं — ‘प्रत्यक्ष शेतात बसून काढलेलं चित्र’. झूठ नाही ना ते! बसलोच होतो ना मी! अन् लोकाईनं इस्वास ठेवला. कंपनीवर नाही, कंपनीचे फोटो त्याईनं लय पाह्यले — माह्यावर ठेवला. या भागात सगळ्याईले मालूम हाये, फारुख जसं हाये तसं काढते, मयत माणसाच्या गालावरची चामखीळबी सोडत नाही. माही लहान बहीण हाये, राबिया, बीबी गावात देल्ली — तिचं वावर हलकं, मुरमाड, पानी आभाळातलं. दरसाल ज्वारी, तूर, मूग — घरात खायचं ते घरातच पिके. तिचा नवरा अकील म्हणे, कापूस नको आपल्या रानात. तर ती त्याच्यासंगं भांडली — म्हणे, माहा भाऊ जे नाही ते काढत नाही. सगळ्या वावरात बीटी लावली तिनं. झाडाले पाच बोंडं, कुठं चार. त्या साली माह्या बहिणीनं ज्वारी इकत आणली साहेब — जिच्या घरून आमच्या घरी पोतं येत होतं!

अन् अकील काय बोलला? बी खराब नाही बोलला, जमीन हलकी नाही बोलला. बोलला — चित्रात तर पन्नास हायेत, मंग खोट तुह्याच हातात हाये, तुले झाड जपता नाही आलं. चार बायांदेखत बोलला. मंग ती इथं आली, या दारात उभी राह्यली अन् मले इचारते — भाई, निवृत्तीदादानं पानी कधी देलं, खत किती टाकलं, मी कुठं चुकली? आता बोला, म्या काय सांगितलं असन? म्या तिले ग्लासभर पानी देलं अन् म्हणलं, पावसानं दगा देला बाई. बस्स. चार वर्षं झाली, ती अजून सोतालेच दोष देते अन् मी मजेत बोर्ड रंगवून राह्यलो. मले माहीच लाज वाटते. तुमच्यावर नाही चिडलो... हाव, तुमच्यावरबी चिडलो!

द्या ते इकडं. द्या म्हणलं ना! ओला ब्रश फिरवला की ट्यूबचा पांढरा निघते — हे पाहा. निघाला ना? खाली काय हाये? पान. हिरवंगार पान. ओरडता काऊन? चित्र कंपनीचं असन, हा पांढरा माहा हाये.

काय म्हणले? कोनं पाठवलं तुमाले? बीबीच्या बाईनं? कोनती बाई? जिच्या भिताडावर तुमचं जुनं कॅलेंडर... हाव. हाव, राबियाच. काय बोलली? नीट सांगा, जसं बोलली तसं सांगा. — ‘माह्या भावानं यंदा नवं चित्र काढलं तर मी पुन्हा लावीन, या वेळेस चुकणार नाही’ — अशी बोलली? चुकणार नाही, अशी?

उठा. साहेब, उठा! खुर्ची सोडा, शटर ओढायचं हाये मले. चित्र नाही भेटत, ते माह्यासंगं चाललं, कंपनीले जे करायचं ते करू द्या. पेरणीले दोन हप्ते राह्यले, बीबीची गाडी स्टँडवर लागली असन — हा एकच पुसला, बाकीचे तिच्यासमोर पुसतो, अकीलसमोर, एक-एक. सरका बाजूले.