आधी मीटर

...नाय, तुमीच सांगा, आजारी माणूस दारात पडलाय आणि डॉक्टर आपला थर्मामीटर घासत बसलाय, असं कुठं बघितलंय? मी बघितलंय. शहापूरला, माझ्याच ओटीवर. आमचा माणूस रेडियो, टेप, स्पीकर दुरुस्त करतो. माझा भाऊ जगन सापगावचा, त्याच्या पोरीची, रंजिताची हळद आली आणि गाणी वाजवायचं मशीन मुकं. मीच छाती ठोकून उचलून आणलं, म्हटलं, "दाजी करतील, हळदीच्या आत मशीन बोलंल." माहेरात शब्द दिला मी, माहेरात.

तर ह्या माणसानं मशीनला हात लावला नाय. का? "आधी मीटर." बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारातला, करंट तपासायचा काट्याचा मीटर, आमच्या लग्नापेक्षा म्हातारा. त्याच्या बटणाखाली पितळी पट्ट्या असतात, त्या काळ्या पडल्या की म्हणे काटा खोटं बोलतो. बरं, पूस बाबा. कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, एकेक पट्टी अशी पुसली... पोरांची नाकं कधी पुसली नाय ह्यानं. "अहो, मशीन?" "आधी मीटर."

वर म्हणतो, पट्ट्या झिजू नयेत म्हणून जरा वंगण पायजे. आणि घातलं काय? माझं डोक्याचं खोबरेल. माघातली थंडी. सकाळी बटण फिरवतोय तर हलेना, तेल आत थिजून खडा. मग मीटर अंगणात उन्हाला, तेलाच्या बाटलीशेजारी, आणि हा उकिडवा बसून त्याची कूस बदलतोय, पापड वाळवल्यासारखी.

तेवढ्यात जगन आला. "दाजी, मशीन?" "आधी मीटर." जगननं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मुकं मशीन खांद्यावर टाकून गेला. बघितलं ते कसं बघितलं, मलाच ठाऊक.

हळदीच्या रात्री मांडवात वहिनी बायकांना ऐकवतेय, "नणंदबाईंनी शब्द दिलता गो, म्हणून आमी दुसरं मशीन नाय सांगितलं..." मग करते काय? पदर खोचला आणि उभी राहिले. लग्नातलं धवलं म्हटलं, हळदीचं गाणं म्हटलं, आठवलं नाय तिथं वहिनीचं नाव घालून म्हटलं. मांडव हलला. शब्द राहिला, पण गळा गेला.

घरी आले तर मीटर चालू, माणूस खूश. शिव्या द्यायला तोंड उघडलं... आवाजच नाय. ह्यानं निरखून बघितलं, कापूस स्पिरिटात बुडवला, म्हणाला, "आ कर. आत कुठंतरी काळं पडलं असंल."

केलं 'आ'. मीटरनंतर का होईना, माझा नंबर तर लागला.