चाळीस टक्क्यांवर अडलेली पत्रं

(अर्जेंटिनातलं रोसारिओ शहर. एर्सिलियाबाईंचं स्वयंपाकघर. समोर संगणक आणि त्यांचा शाळेतला जुना विद्यार्थी उलिसेस, आता पन्नाशीचा.)

एर्सिलिया : ते सगळं ठीक. मेलवरची नेलिदाची पत्रं कुठे गेली?

उलिसेस : बाई, आधी ऐकून तर घ्या. लिनक्सचा नवा डेस्कटॉप घातला. तो तुमच्या मेलचा जुना डेटाबेस नव्या साच्यात भरणार होता. चाळीस टक्क्यांवर अडून बसला.

एर्सिलिया : मग?

उलिसेस : आम्हा लिनक्सवाल्यांचा एकच उपाय. लपवलेलं फोल्डर उडवायचं, पुन्हा सुरू करायचं. झटक्यात सुरू झाला हो!

एर्सिलिया : आणि त्या फोल्डरात काय होतं?

उलिसेस : ...डेटाबेस.

एर्सिलिया : शाळेतही असाच होतास. गणित चुकलं की पानच फाडायचास.

उलिसेस : मला वाटलं, मेल सर्व्हरवर असतील. पण तुमची मांडणी जुनी. इकडे उतरल्या की तिकडच्या पुसल्या जातात. बॅकअप तुम्ही घेत असाल ना?

एर्सिलिया : मला वाटायचं, तू घेतोस.

उलिसेस : छापून नाही ठेवली?

एर्सिलिया : "कागद कशाला वाया घालवता?" कोण म्हणालं होतं?

उलिसेस : मीच.

एर्सिलिया : अकरा वर्षं नेलिदा आणि मी, सख्ख्या बहिणी, बोलत नाही. आईचं घर विकू या, हे आधी ती म्हणाली. आता सांगत फिरते, एर्सिलिया म्हणाली. माझ्याकडे तिचं लेखी होतं, उलिसेस! रविवारी भाचीच्या लग्नात सगळ्या गोतासमोर वाचणार होते.

उलिसेस : रागावू नका, पण ती पत्रं अजून एका ठिकाणी असतील. जिनं पाठवली, तिच्याकडे.

एर्सिलिया : मेंदोसाला? मी मागू तिच्याकडे? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

उलिसेस : मेलचे पत्ते वेगळ्या फाइलमध्ये असतात. तिचा शाबूत आहे.

एर्सिलिया : तो माते चहा ओत आधी. घसा सुकला माझा.

उलिसेस : घ्या.

एर्सिलिया : ...लिही. "तुझी पत्रं उलिसेसनं घालवली. परत पाठव."

उलिसेस : माझं नाव कशाला?

एर्सिलिया : मग काय माझं घालू? लिही.

उलिसेस : लिहिलं. खाली "तुझी, एर्सिलिया"?

एर्सिलिया : नुसतं एर्सिलिया.

उलिसेस : पाठवू?

एर्सिलिया : थांब. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणतात तिचं. जिना चढता येतो का, विचार.