पत्र्याखालचा सर्व्हर

(नांदेडच्या ऑफिसातून शिवांगी फोनवर. लातूरला क्लासच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, सर्व्हरसमोर मकसूदचाचा. फोन स्पीकरवर.)

मकसूदचाचा : …कुणी मानणार न्हाई बेटा, बोललो तर लोक हसतील, मगर ही मशीन पडायच्या आधी शिंकती.

शिवांगी : चाचा, सर्व्हर शिंकत नसतो.

मकसूदचाचा : तू बसली नांदेडला. मशीनपाशी कोण हाय? मी. आधी जरा अंग चोरती, मंग एक बारीक शिंक, मंग सगळे दिवे गुल. काल तसंच, परवा तसंच.

शिवांगी : बरं, शिंकली. आता समोरचं गोल बटण दाबा. हिरवा दिवा लागला?

मकसूदचाचा : लागला. दिव्यावरून आठवलं…

शिवांगी : काही आठवू नका. आतल्या पंख्याचा आवाज येतोय का ते सांगा.

मकसूदचाचा : येऊन राहिला. पिठाच्या गिरणीवानी.

शिवांगी : मग हात लावू नका, उठू द्या त्याला. …हं. दिसायला लागला मला इथं. बघा, आता अगदी शहाण्यासारखा चालतोय. रोज हेच. दुपारची जेवणं झाली की पडतो, मी फोन करते, तुम्ही कुलूप उघडून बटण दाबता, आणि हा उठून बसतो, जसं काही झालंच नाही. मला वेड लागायचं राहिलंय.

मकसूदचाचा : तुझ्या प्रोग्रॅममधीच कायतरी खोट आसंल.

शिवांगी : क्लासचे मालक आप्पासाहेब सरही हेच म्हणून राहिले. तुम्हीपण म्हणा. रॅम बदलली, डिस्क बदलली, लॉग वाचून डोळे गेले. सर्व्हर काय काय करतो ते स्वतःच लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. त्यात एक चूक सापडत नाही. नीट लिहीत असतो, लिहीत असतो, आणि वाक्य अर्ध्यात तुटतं. बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात ठेवावा तसं. …एक मिनिट. पडायच्या आधी शिंकतो, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर माझा फोन आल्यावर वर येता.

मकसूदचाचा : आवाज खालपर्यंत येतो ना बेटा. माझे कान तसे. भोकरला रेल्वे सुटली की मला लातूरला कळतं.

केवळाबाई : चाचा, पाय उचला जरा. झाडू मारायचाय.

शिवांगी : कोण आलंय?

मकसूदचाचा : केवळाबाई. सगळा क्लास हीच झाडती. हिची तारा आपल्याच क्लासात हाय, सायन्सला. केवळाबाई, ही नांदेडची शिवांगी, हिनंच ही परीक्षेची मशीन बसवली.

केवळाबाई : हिलाच सर रोज फोनवर बोलतेत का?

शिवांगी : मलाच, मावशी. तुम्हालाही ऐकू जातं वाटतं.

केवळाबाई : खालच्या चहावाल्यालाबी जातं.

शिवांगी : चाचा, वीज बघू. भिंतीपासून बॅटरीपर्यंत आणि बॅटरीपासून सर्व्हरपर्यंत, वायर कुठं सैल आहे का? हलवून बघू नका. नुसतं बघा.

मकसूदचाचा : ह्या बिल्डिंगची वायर मी ओढलीय. माझी वायर अन् सैल? लोह्याला एका लग्नात मांडवाला मी अशी लाईट दिली होती की गावातले कोंबडे रातभर आरवले. पहाटे बिचाऱ्यांचा गळाच बसला. पुढं हप्ताभर लोह्यात सकाळ कधी झाली कुणाला कळलं न्हाई. लोक दुपारी उठून दात घासायचे.

शिवांगी : सैल नाही, एवढंच सांगा ना.

मकसूदचाचा : न्हाई.

शिवांगी : एसी?

मकसूदचाचा : चालू. आत्ता इथं मटण ठेवलं तर बकरी ईदपर्यंत टिकंल.

शिवांगी : दिवसभर चालू असतो ना? पत्र्याची खोली आहे, म्हणून विचारते. मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, सर्व्हर खाली ठेवा, ऑफिसात. पण सर ऐकतील तर शपथ.

केवळाबाई : सरांचं गाव औशाकडलं. भूकंपात घरातलं कोण उरलं न्हाई. तवापासून म्हणतेत, किमती चीज स्लॅबखाली ठेवायची न्हाई. पत्रा पडला तर पोचा येतो, स्लॅब पडला तर काय ऱ्हात न्हाई.

शिवांगी : आणि एवढी मुलं स्लॅबखाली बसतात, त्यांचं?

केवळाबाई : मीबी इचारलं. म्हणले, पोरांला पाय हायेत, पळतील. मशीनीला पाय न्हाईत.

मकसूदचाचा : सरांचं बरोबर हाय. मी सांगतो असली वजह. जमीन हलती. आपल्याला कळत न्हाई, मशीनीला कळतं. लातूरची जमीन हाय, तिचं पोट अजून पुरतं बसलं न्हाई.

शिवांगी : रोज जेवण झाल्यावरच हलते?

मकसूदचाचा : जेवल्यावर तूबी कूस बदलती का न्हाई?

शिवांगी : चाचा, मी हात जोडते. संध्याकाळी पालकसभा आहे. कालच्या परीक्षेची यादी सर पडद्यावर दाखवणार, त्यावरून वरची बॅच ठरणार. यादी दाखवताना सर्व्हर पडला तर उद्यापासून हे काम पुण्याच्या पार्टीकडे. सकाळी स्पष्ट सांगितलंय त्यांनी. नांदेडात माझं ऑफिस म्हणजे मी आणि दोन खुर्च्या. लातूरच्या एवढ्या मोठ्या क्लासनं हाकललं म्हटल्यावर नायगावचा ट्यूशनवालासुद्धा दारात उभं करणार नाही.

मकसूदचाचा : मंग कर ना दुरुस्त.

शिवांगी : काय बिघडलंय ते कळलं तर करीन. थांबा, आता डेटाबेसची तपासणी लावलीय. रोज रोज असा दाणकन पडल्यावर आतली माहिती तरी धड राहिलीय का ते बघते. थोडा वेळ लागेल.

मकसूदचाचा : तवर एक सांगू?

शिवांगी : सांगा. नाहीतरी मला पडद्याकडे बघतच बसायचंय.

मकसूदचाचा : भूकंपाची रात. गणपती बुडवायची रात होती ती. औशाकडच्या एका गावात मिरवणुकीला बल्बच्या माळा माझ्या. गणपती बुडाले, माळा गुंडाळल्या, अन् मी शाळेच्या नव्या खोलीत आडवा झालो. गावात तेवढाच एक स्लॅब. पाव्हणा म्हणून मान दिला मला. डोळा लागला न लागला, जमिनीखालनं मालगाडी गेली. उठून बघतो तर स्लॅब खाली येऊन राहिला.

शिवांगी : मग?

मकसूदचाचा : मंग काय, दोन्ही हात वर केले अन् धरला.

शिवांगी : स्लॅब?

मकसूदचाचा : स्लॅब. पयल्यांदा दोन्ही हातांनी. मंग अंदाज आला तसा एका हातावर घेतला, दुसऱ्या हातानं बिडी पेटवली. बाजूच्या खोलीत हेडमास्तर, त्यांची बायको, पोरं. म्हणलो, मास्तर, निघा सावकाश, मी हाय. सगळे निघाले. मंग त्यांची सायकल काढली. मंग शेळ्या.

केवळाबाई : मागल्या बारीला म्हैस होती.

मकसूदचाचा : म्हैसबी होती. शेळ्यांच्या मागं होती म्हणून आधी सांगितली न्हाई. सगळं निघालं, तर मास्तरीणबाई परत दारात. म्हणल्या, लोणच्याची बरणी राहिली. म्हणलो, या भाभी, घाई न्हाई. उजाडलं. मिल्ट्री आली. त्यांचा साहेब आत आला, मला खालवर बघितलं, अन् शिपायाला विचारून राहिला, हा खांब कोण्या ठेकेदारानं बसवला, बाकी सगळं पडलं अन् हा उभा कसा?

शिवांगी : चाचा, तुमच्या पाया पडले पाहिजे.

मकसूदचाचा : मी हललो न्हाई बेटा. शिंक आली होती, तीबी गिळली.

शिवांगी : …थांबा. थांबा जरा. झाली तपासणी. अरे देवा.

मकसूदचाचा : काय झालं?

शिवांगी : आत जागोजाग तुटलंय. कालच्या परीक्षेच्या जागीच जास्त. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आहे तिथंच एकेक तुकडा जोडत जायचा. संध्याकाळपर्यंत होईल, सगळे मार्क वाचतील. पण जोडता जोडता सर्व्हर पुन्हा पडला तर होतं नव्हतं तेही जाईल, मुलांची नावंसुद्धा. दुसरा रस्ता, आताचं सगळं पुसायचं आणि रविवारची चांगली कॉपी त्या जागी ठेवायची. त्याला वेळ लागत नाही, धोकाही नाही.

केवळाबाई : मंग कालची परीक्षा?

शिवांगी : ती जाईल, मावशी. मुलांना पुन्हा द्यावी लागेल.

केवळाबाई : तिचे पेपर असतेल की.

शिवांगी : कॉम्प्युटरवरच झाली ना. कागद नाहीच.

केवळाबाई : ताराला काल पडद्यावर मार्क दिसले होते. वरच्या बॅचमधी बसती म्हणली. त्या बॅचला फी माफ हाय, अन् मोठे सर सोता शिकवतेत. रातच्याला जेवली न्हाई, नुसती हासून राहिली होती.

शिवांगी : पुन्हाही मिळतील तिला.

केवळाबाई : तू परीक्षा दिल्यात का न्हाई कधी?

शिवांगी : दिल्यात. …मला कळतं हो. पण मी कशाच्या भरवशावर जोडायला बसू? जेवणं तर आत्ताच झाली. तो का पडतो हेच मला ठाऊक नाही. कारण कळलं असतं, आता हा पडणार नाही असं कुणी सांगितलं असतं, तर मी एक अक्षर पुसलं नसतं.

मकसूदचाचा : मी सांगतो, आता न्हाई पडणार.

शिवांगी : का नाही पडणार?

मकसूदचाचा : दिवसात एकदाच पडती.

शिवांगी : हे कारण नाही, चाचा. शेवटचं विचारते. जेवणानंतर या खोलीत काय होतं? कुणी येतं? काही बंद करतं?

मकसूदचाचा : कोण येणार? कुलूप हाय, चावी माझ्या खिशात. एक मांजर येतं, काळं. सरळ उदगीरवरनं येतं, कानडीत ओरडतं…

शिवांगी : झालं. मी पुसते.

केवळाबाई : पोरी, थांब. चाचा, सांगा तिला.

मकसूदचाचा : काय सांगू?

केवळाबाई : गोधडीचं सांगा.

शिवांगी : कसली गोधडी?

मकसूदचाचा : ती आपली… धुळीची. मशीनीवर धूळ बसू नये म्हणून.

शिवांगी : सर्व्हरवर गोधडी घालता तुम्ही?

मकसूदचाचा : न्हाई न्हाई. बाजूला आसती. घडी करून.

केवळाबाई : कपाटामागं आसती. जेवले की चाचा वर येतेत, आतनं कडी लावतेत अन् पडतेत. गार हवेनं गुडघे धरतेत म्हणून ते एसीचं बटण बंद करतेत. तुजा फोन वाजला की उठून परत चालू करतेत. मी कडी वाजवली की आतनं म्हणतेत, काम करून राहिलो. लई दिवस झाले. मला वाटलं म्हातारा माणूस हाय, निजू दे. मशीनीला हवा लागती हे मला काय ठावं.

शिवांगी : चाचा.

मकसूदचाचा : पहारा देतो मी.

शिवांगी : भर उन्हात, पत्र्याखाली, एसी बंद करून. अहो, आत भट्टी होत असेल. तापला की सर्व्हर जळू नये म्हणून स्वतःच पटकन बंद होतो, म्हणून ते वाक्य अर्ध्यात तुटतं. आणि मी रोज विचारते एसी चालू आहे का, तर तुम्ही मला मटण सांगता.

मकसूदचाचा : तू इचारती तवा चालूच आसतो बेटा. झूट कुठं बोललो?

शिवांगी : माझी झोप गेली, सरांच्या शिव्या खाल्ल्या, चांगली डिस्क काढून फेकली. एक शब्द बोलला असतात तर… जाऊ द्या. मी जोडायला घेते. मावशी, ताराला सांगा, तिचे मार्क कुठं जात नाहीत. चाचा, रिमोट मावशींच्या हातात द्या. आणि तुम्ही आजपासून खालच्या खोलीत झोपायचं. सरांनी तुम्हाला खोली दिलीय, खाट आहे, पंखा आहे, थंडी नाही. जिन्याखाली, मी बघितलीय.

मकसूदचाचा : हाव, झोपतो की. मला काय.

केवळाबाई : त्या खोलीत ह्यांची शिडी निजती, अन् वायरीची भेंडोळी. चाचा रातच्याला गच्चीवर असतेत. पाऊस आला तर ताडपत्री घेऊन जिन्याच्या तोंडाशी बसून ऱ्हातेत, आत न्हाई जात. दुपारी गच्ची पोळती, तवा हितं येतेत.

शिवांगी : का? खाली काय वाईट आहे?

मकसूदचाचा : काय वाईट न्हाई. मोकळी हवा आवडती आपल्याला, बस. आजपासून खाली. ज्यानं एका हातावर स्लॅब धरला, त्याला जिन्याखालच्या खोलीचं काय…

केवळाबाई : चाचा, बास. तुमच्या घरच्या रहमतबीभाबी वारायच्या आधी मला सगळं बोलल्यात. तो स्लॅब तुम्ही धरला न्हवता. तुम्ही त्याच्या खाली होता, दिवस कलल्यावर लोकांनी काढलं. हितंच निजा. एसी चालू राहू द्या, मी घरनं अजून एक गोधडी आणून देते.