कळंब येथील गाडीघराच्या छपरावरील रबर मी का सोलले

मी, श्रीधर महादेव मुळे, वय ५६ वर्षे, धंदा विज्ञान शिक्षक (सेवानिवृत्त), राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. ठाण्यावर स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

छप्पर फुटलेले असते एका जागी आणि पाणी ठिबकते दुसऱ्याच जागी, हे ज्याच्या घरावर पत्रा आहे त्या प्रत्येकाने पाहिले असेल. आपण थेंबाच्या बरोबर वर भोक शोधतो आणि तेथे काहीच सापडत नाही. पाणी आत शिरले की पत्र्याच्या उताराने सरपटत जाते आणि जेथे पहिला सांधा किंवा स्क्रू लागेल तेथे खाली उतरते. ही गोष्ट ध्यानात ठेवल्यास या प्रकरणात दुसरे काही समजून घ्यावे लागत नाही.

कळंब येथील काशिनाथ बडेकर यांच्याकडे जुन्या बसचे केलेले चाकांवरचे घर आहे. आत दोन खाटा, स्टोव्ह व मोरी आहे. ते शनिवार-रविवार मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने देतात. राखणीस जवळच्या ठाकूरवाडीतील पोशा जैतू उघडे हे असतात. गाडीचे छप्पर गळत असल्याने यंदा मे महिन्यात बडेकर यांनी मला बोलावले. मी रबर पातळ करून पत्र्यावर चढविण्याचे काम निवृत्तीनंतर आवडीने करतो.

हे काम सोपे आणि फार सुंदर आहे. कच्चे रबर कातरून सॉल्व्हंटमध्ये मुरत ठेवले की ते फुगते आणि मधासारखे होते. ब्रशाने पहिला हात उभा द्यावा, तो सुकला की दुसरा आडवा द्यावा. सॉल्व्हंट उडून जातो आणि मागे सांधा नसलेली एकसंध कातडी उरते. अट एकच. खालचा पत्रा सोड्याने धुऊन पूर्ण कोरडा केलेला हवा. पोशा व मी तो तसा धुतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रबर चढविले. रबर ओले असतानाच वरच्या जांभळीची पाने त्यावर पडली. माझ्या सांगण्यावरून पोशा ती वेचण्यास चढले. तेव्हा त्यांच्या टाचेचा ठसा खाटेच्या वरच्या भागात उमटला व तसाच सुकला.

जुलैच्या पहिल्या रविवारी खाटेवर पाणी ठिबकले. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "अहो बडेकर, धबधबा गाडीतच दाखवता होय?" बडेकर छपरावर चढले. त्यांना थेंबाच्या बरोबर वर टाच दिसली. पुढील हकीकत मला पोशा यांची पत्नी मैना हिने सांगितली, ती अशी. पोशा म्हणाले, "शेट, पानं काढाया चढलो व्हतो. मास्तरांनीच सांगितलं व्हतं." बडेकर म्हणाले, "गप रं! पानं काढाया का जांभळं पाडाया?" त्या वेळी बडेकर यांच्या हातात टायर काढण्याची लोखंडी टॉमी होती. पोशा यांच्या उजव्या हाताची दोन बोटे त्या दिवसापासून वळत नाहीत. नंतर बडेकर यांनीच पोशा यांच्याविरुद्ध मुद्दाम छप्पर फोडल्याची तक्रार दिली.

मैना दहिवलीस माझ्या घरी आली. तिने पाण्यालाही हात लावला नाही. ती म्हणाली, "मास्तर, तुमचं रबर गळलं आन् हात आमच्या ह्यांचा गेला. तुमी शिकलेलं हाय ना? मंग सांगा कुनाचं चुकलं." मी तिला रविवारी गाडीपाशी हजर राहण्यास सांगितले.

पुढील रविवारी मी कळंबला गेलो. पाहुणे असतील आणि पाऊसही असेल असा दिवस मी मुद्दाम निवडला. प्रथम सर्वांसमक्ष टाचेच्या खळग्यात तांब्याने पाणी ओतले. वरून ताडपत्री धरवली आणि आतून पाहिले. ते पाणी तसेच साठून राहिले, खाली थेंब आला नाही. मग पुढच्या कडेला नख घातले. रबर पत्र्याला चिकटलेलेच नव्हते. कडेतून शिरलेले पाणी त्याच्याखालून वाहत होते. खालच्या अंगास पिवळट तवंग होता व करंजेलाचा वास येत होता.

मी बडेकर यांना विचारले, "आम्ही पत्रा धुऊन गेल्यावर यावर तेल कोणी लावले?"

ते मान वर करून म्हणाले, "मी लावलं! पाऊस यायच्या आदी आमच्यात लोखंड कोरडं ठेवत नाय, मास्तर. नांगर असू दे नाय तर गाडी. तुमचं रबर कालचं, आमचं तेल आज्याच्या टायमाचं."

मागून मैना म्हणाली, "तेल मीच आनून दिलं व्हतं. इचारलं, येवढं कशाला? तर म्हनले, गाडीला पाजतो."

बडेकर यांना आपण काय बोललो ते तेव्हा कळले. ते म्हणाले, "मास्तर, आता हितंच मिटवा. पावनं बघतात."

मी मिटविले नाही. खात्री करण्यास वीतभर तुकडा पुरला असता. मी दोन्ही हातांनी कड धरली आणि दुधावरची साय काढावी तसे संपूर्ण छप्पर सोलून काढले. ते एका तुकड्यात निघाले. आत नव्या गाद्या होत्या हे मला माहीत होते. पाऊस जोरात होता हेही दिसत होते. मी गाडीचे नुकसान केले ही बडेकर यांची तक्रार खरी आहे. मला त्याचा खेद नाही. सोललेले रबर घडी करून ठाण्याच्या ओसरीवर आणून ठेवले आहे, टाचेच्या ठशासह.

तेल लावलेच नाही असे बडेकर आता म्हणतात व त्यांनी पत्रा घासून धुतला आहे असे कळते. परंतु मागच्या शिडीच्या पट्टीखाली माझ्या रबराची बोटभर कड अडकून राहिली आहे. तेथे त्यांचा हात पोचलेला नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून ऐकविण्यात आला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. सही करण्यापूर्वी एवढेच वाढवून घ्यावे.

एक घासलेली थाळी घ्यावी व दुसरीवर तेलाचे बोट फिरवावे. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडावा. स्वच्छ थाळीवर तो पसरेल, तेलकट थाळीवर अळूच्या पानावर राहतो तसा गोल उभा राहील. हे कोणासही घरी करून पाहता येईल. मग कळंबला जाऊन ती कड उचलावी व पत्र्यावर थेंब सोडावा. तो पसरला तर पोशा यांच्याऐवजी मला आत घ्यावे. थेंब पोशा यांनीच सोडावा, डाव्या हाताने. शिडी बडेकर यांनी धरावी.